राजाचं घर, पण सहाच वर्षांचं

मे महिन्यात पुण्याहून भाचा आला की आंबे, भाट्याचा समुद्र आणि थिबा पॅलेस हे ठरलेलं. यंदा पॅलेसच्या फाटकातच त्याने विचारलं, "मामा, बर्म्याचा राजा रत्नागिरीला कशाला आला?"

"आला नाही रे, आणला."

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी बर्म्याची राजधानी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला आधी मद्रासला, मग १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. रत्नागिरीच का? तेव्हा इथे यायचं म्हणजे बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद. पळून जाणार कुठे? आमच्याकडे रेल्वे आली तीच मुळी शंभर वर्षं उलटून गेल्यावर. पुढे सावरकरांनाही इथेच स्थानबद्ध ठेवलं. माणसं ठेवायला ही जागा इंग्रजांना फारच पसंत असावी!

गंमत म्हणजे राजा आल्यावर चोवीस वर्षं या घराचा पत्ताच नव्हता. तोवर बिऱ्हाड बंगल्यांत. पॅलेसमध्ये तो राहायला आला १९१० साली आणि १९१६ च्या डिसेंबरात वारलासुद्धा. वरच्या मजल्यावर अर्धगोल कमानींच्या लाकडी खिडक्या आहेत. भाच्याने एका चौकटीच्या नक्षीवरून बोट फिरवलं, तर बोटाला धूळ. खाली भाट्याची खाडी दिसते. हवा इतकी छान की कैद वाटू नये, आणि तेच मला खुपतं.

गाइड राजाचं सगळं सांगतात, टूटूचं मात्र घाईत उरकतात. थोरली राजकन्या राजाकडच्या पहारेकऱ्याच्या, गोपाळ सावंतांच्या, प्रेमात पडली. त्यांची मुलगी टूटू. १९१९ मध्ये कुटुंब बर्म्याला परतलं, पण थोरली लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीतच आली. राजाची ही नात इथेच वाढली, इथेच संसार केला, मराठीच बोलायची. पोटासाठी कागदाची फुलं केली, गोवऱ्या थापल्या. आजोबा ज्या गावात सक्तीने आले, ते तिचं आपलं गाव झालं होतं.

भाच्याला शिवाजीनगरातली राजाची समाधीही दाखवली. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः तिथे येऊन गेले.

टूटू २००० सालीच गेली होती.