आमची वाटचाल : फितीतला आवाज, कॅनव्हासवरचा रंग

आमच्या व्यवसायाची सुरुवात मैफलींची पोस्टरं आणि कॅसेटची कव्हरं छापण्यापासून झाली. कॅसेट मागे पडली तसं ते काम आटलं. पण गाणारी आणि चित्रंही काढणारी मंडळी जुनं सामान घेऊन येत राहिली. रियाजाच्या कॅसेटी, स्पूल (मोठ्या चकतीवर गुंडाळलेली उघडी फीत), जलरंगाचे कागद, गुंडाळलेले कॅनव्हास, सगळं एकाच पेटीत. अशा कलावंताचं आयुष्यभराचं काम डिजिटल रूपात उतरवून देणं हाच आज आमचा मुख्य उद्योग आहे.

आधी हात घालायचा तो आवाजाला. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिमी रुंद. सी-९० (नव्वद मिनिटांच्या कॅसेट) ची जाडी सुमारे १२ मायक्रॉन, सी-१२० ची तर ९ च. ही पातळ फीत ताणली जाते, रबरी चाकाला गुंडाळते, म्हणून ती पुन्हापुन्हा पुढेमागे पळवायची नाही. फितीला हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गोंद सुकून गळून पडतो, मग आवाज दबका आणि येत-जात राहतो. कवच स्क्रूचं असेल तर उघडून फीत नव्या कवचात बसवायची. चिकटवलेलं असेल तर सांध्यात पातळ पातं घालून उकलायचं.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते हेडच्या कोनामुळे. मूळ मशीनचं हेड किंचित तिरकं असेल, तर सरळ हेडवर तीच फीत वाजवताना वरचा, बारीक नाद झडतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झिणझिण, बोथट होते, शब्दातला ‘स’ पुसट होतो. फीत जुनी झाली असं लोकांना वाटतं. ती बहुधा ठीक असते. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकायचं, हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवायचा आणि जवारी सर्वांत खुलेल तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला, आणि बाजू बदलली की पुन्हा. डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर कमी करणारी सोय, लावायची का याचा निर्णय त्यानंतर, कारण वरचा नाद आधीच कमी असेल तर डॉल्बी तो आणखी दाबते. इथे घाई करणाऱ्याला हे काम देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१९७०-८० च्या दशकांतल्या काही स्पूलच्या फितीतलं चिकटद्रव्य हवेतला ओलावा शोषतं. वाजताना फीत किंचाळते, हेडवर चिकट राप साठतो. नियंत्रित तापमानाच्या ओव्हनमध्ये सुमारे ५४ अंश सेल्सियसला आठेक तास ठेवली की ती काही काळ नीट चालते. तेवढ्यात उतरवून घ्यायची. त्याआधी स्पूल उजेडासमोर धरायचं. आरपार उजेड दिसला तर फीत ॲसिटेटची, तिला कधीच तापवायचं नाही.

आवाज उतरवतो ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९६ हजार नमुने), २४ बिटवर. स्टिरिओचा एक तास म्हणजे सुमारे २ जीबी. तार सप्तकातली तान फाटू नये म्हणून पातळीला वर मोकळी जागा ठेवतो. जतनाच्या प्रतीतली खरखर काढत नाही. तिच्याबरोबर जवारीही जाते. स्वच्छ केलेली प्रत वेगळी.

चित्रालाही तोच नियम, मूळ जसं आहे तसंच उतरवायचं. कोळशाचं किंवा पेस्टलचं काम स्कॅनरच्या काचेवर ठेवायचं नाही, रंग काचेला लागतो. कॅमेरा समांतर आहे का हे पाहायला चित्राच्या जागी सपाट आरसा टेकवतो. भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की झालं. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. तैलरंगाची चकाकी दिव्यांवर आणि भिंगावर पोलरायझर (चकाकी अडवणारी गाळणी) लावून मारता येते, पण मग जाड रंगाचे फटकारे सपाट दिसतात, म्हणून तिरक्या प्रकाशातला एक फोटो जास्तीचा. ६० × ९० सेंमीचं चित्र ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे ७०८७ × १०६३० पिक्सेल होतं. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोत ते मावत नाही, तुकडे एकमेकांवर तिसरा हिस्सा येतील असे घ्यावे लागतात. छपाईत अल्ट्रामरीन निळा फार छळतो. साध्या चार रंगांच्या शाईत तो जांभळट पडतो.

खरा वेळ जातो तो क्रम लावण्यात. कॅसेटवर तारीख नसते. मग सुरुवातीची उद्घोषणा, साथीदारांची नावं, कॅनव्हासच्या मागची नोंद जुळवत बसायचं. कलावंत हयात असतील तर त्यांच्या शेजारी बसूनच हे करावं. फाइलचं नाव वर्षाने सुरू करतो, म्हणजे त्या साली गायलेला राग आणि त्याच साली रंगवलेलं चित्र यादीत शेजारी येतात, आणि दोन्हींतला बदल एकत्र दिसतो.

शेवटी तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या पत्त्यावर, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का हे सांगणारा आकडा). तो वर्षातून एकदा ताडून पाहायचा; एखाद्या प्रतीत जुळला नाही, तर ती फाइल चांगल्या प्रतीवरून लगेच बदलून घ्यायची.