रिकामटेकड्यांची टेकडी आणि साडेतीन गुंठे

रविवारी पहाटे पंचवटीकडून वेताळ टेकडी चढायला घेतली. मी काही नेमानं टेकडीवर जाणारा माणूस नाही, ह्या वेळी गेलो कारण शनिवारी रात्रभर झोप नव्हती, का नव्हती ते येईलच पुढे.

फेब्रुवारी संपत आलाय, गवत पार वाळलंय, आणि वाटेवर उंदीरमारी फुललीये. पान एक नाही, नुसती गुलाबी फुलं. पोरंपोरी झाडाला टेकून फोटो काढत होती. एक आजोबा कानटोपी घालून ट्रान्झिस्टरवर अभंग लावून चालले होते, त्यांच्या मागे मागे मी. वर देवळाशी पोचलो तेव्हा सिंहगडावरचा टॉवर दिसायला लागला होता आणि खालून कुठून तरी मोर ओरडत होता. पुण्यातली सगळ्यात उंच जागा ही, साधारण 2600 फूट, पण पायऱ्या उतरलं की चहा हजर.

म्हणूनच मला थोरो, तो एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक, जवळचा वाटतो. 1845 ते 47 वॉल्डन तळ्याकाठी 28 डॉलरच्या झोपडीत राहिला खरा, पण गाव दीडेक मैलावर, अधूनमधून घरी जेवायला जायचा. लोक ह्यावरून त्याला हसतात. मला उलट बरं वाटतं, हिमालयात जायची गरज नाही म्हणजे. आमच्याकडे त्याच्या 'वॉल्डन' पुस्तकाच्या दुर्गाबाई भागवतांनी केलेल्या अनुवादाची बाबांची प्रत आहे, 'वॉल्डनकाठी विचारविहार', पानं सुटलेली. कर भरत नाही म्हणून थोरो 1846 मध्ये एक रात्र तुरुंगात होता, कुणीतरी परस्पर पैसे भरले नि सुटला. दुर्गाबाई 1975 ला कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध बोलल्या, पुढे त्यांनाही तुरुंगवास झाला. अनुवाद करताना अंगात काय काय शिरतं बघा.

पण शनिवारी रात्री मी वाचत होतो तो थोरोचा एक वेगळाच निबंध, तत्त्वाशिवायच्या जगण्यावरचा, तो गेल्यावर 1863 मध्ये छापून आलेला. त्यात तो म्हणतो की अर्धा दिवस रानात आवडीनं भटकणारा माणूस लोकांना रिकामटेकडा वाटतो आणि तेच रान तोडून पैसा करणारा मात्र उद्योगी. 2023 मध्ये बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात लोक ह्या टेकडीसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अगदी हाच शब्द आला होता, रिकामटेकडे. मी तेव्हा अंगठा दिला होता त्या मेसेजला. असो.

थोरो पोटासाठी जमीन मोजायचा, सर्व्हेअर होता, हे मला माहीतच नव्हतं. मी पण तेच करतो, टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, घेऊन प्लॉट मोजतो. तो लिहितो, मोजायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत म्हटलं की मालक विचारतो, जास्त जमीन कशात भरेल? अचूक कुठली, हे विचारत नाही. हे वाचून उठूनच बसलो.

कारण त्याच संध्याकाळी मी मुळशीकडच्या एका जागेचा नकाशा पाठवला होता. सरकारी मोजणी नव्हे, विक्रीआधीचा प्रायव्हेट नकाशा. एका बाजूला ओढा. मालक म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात कोरडाच असतो तो, ती पट्टी आत धरा की." धरली. साडेतीन गुंठे वाढले. कुणी दमदाटी केली नाही, लाच नाही, चहा-वडापाव झाला फक्त, आणि माउसच्या चार क्लिकमध्ये कड सरकली.

तर रविवारी टेकडीवरच्या खाणीजवळ बराच वेळ बसलो. दगड काढून काढून झालेला खड्डा, त्यात पाणी साठलंय, काठावर दोन कुत्री झोपलेली. मग कोथरूडच्या बाजूनं उतरलो, अमृततुल्यमध्ये दोन कटिंग घेतले आणि मालकांना फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले पैसे परत देणार का. म्हटलं देतो.

तर मंगळवारी ओढ्याची कड परत मोजायला जातोय, स्वतःच्या खर्चानं. नेहमीचा पोरगा गावाला गेलाय, प्रिझम (यंत्रासमोर काठीवर धरतात ती काच) धरायला कुणी ओळखीतलं असेल तर सांगा, पाचशे रुपये आणि जेवण.