नऊ पोरी, राखीव कोणी नाही

शनिवार, रात्री उशिरा

खो-खोला आज शेवटी नऊ पोरी जमल्या. आठवी ते दहावी मिळून शाळेत मुली १६. त्यातल्या दोघी पोळ्यापर्यंत मामाच्या गावी, एकीचा हात गळ्यात, एकीला घरून सक्त मनाई, आणि तिघी नदीपलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, येतात. त्यांची शेवटची एसटी शाळा सुटली की लगेच. ती चुकली तर जंगलातून पायी, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या जंगलातून संध्याकाळी पोरी पायी पाठवायला मी काही वेडा नाही. उरल्या नऊ. मैदानात लागतातही नऊ.

नागपूरहून पारशिवनी तालुक्यात अप-डाऊन करणाऱ्या मराठीच्या मास्तरानं गळ्यात शिट्टी का अडकवावी, असं सौ. अधूनमधून विचारते. क्रीडाशिक्षकाचं पद पटावर मिळतं, आणि आमचा पट तेवढा नाही. मग ज्याला बसून राहायचा कंटाळा येतो त्याच्या गळ्यात शिट्टी.

मोठ्या शाळेतल्या लोकांना एक अडचण सांगूनही पटत नाही. नऊच पोरी असल्या की सराव होत नाही. आठ जणी चौकोनात बसल्या, एक पाठलागाला उठली, संपल्या. पळायचं कोणी? कबड्डीवाल्या पोट्ट्यांना बोलावलं तर ते दोन दिवस आले, मग ‘सर, आमचंच जमून नाही रायलं’ म्हणून गेले. आता बाजूच्या प्राथमिक शाळेतली चौथी-पाचवीची पोरं पळायला येतात. वीतभर पोरं, पण हाताला लागत नाहीत. आमच्या दहावीच्या पोरी त्यांच्यामागे धापा टाकतात. याहून चांगला सराव पैसे देऊनही मिळाला नसता.

मैदान काळ्या मातीचं. श्रावणात दोन सरी आल्या की पायाला अर्धा किलो चिखल. सरपंचांनी दोन ट्रॉली मुरूम टाकून दिला म्हणून मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, तरी पाय ठेवण्यासारखी झाली. खांब निंबाच्या लाकडाचे, गावच्या सुताराने रंधा मारून दिलेले. सागाचे केले असते तर वनरक्षकाने आधी खांबांचीच चौकशी केली असती.

नववी पोरगी मिळवायला तिच्या आईकडे गेलो होतो. त्या वावरात निंदत होत्या आणि पोरगी त्यांच्या शेजारच्या ओळीत.

‘सर, नेजा ना पोरीले. पन तिची त्या दिवसाची रोजी कोन देईन?’

मी गप्प. त्यांनी खुरपं खाली ठेवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘बरं, पोळ्याच्या पयले असंन त नोको. मंग पाहू.’ तालुक्याच्या स्पर्धा पोळ्यानंतर आहेत. मी ते तिथेच सांगून टाकलं, त्यांचं मन बदलायच्या आत.

रात्री जेवताना हे घरी सांगितलं. माझी मुलगी इथे नागपुरात एका मोठ्या शाळेत आहे. तिच्या एकट्या इयत्तेत आमच्या अख्ख्या शाळेहून जास्त मुलं. मैदान हिरवं, बॅडमिंटनचा हॉल वेगळा. तिचं म्हणणं, ‘बाबा, निवडीच्या वेळी सरांनी एकदा बघितलं आणि बसवलं.’ ती आता सामन्यांना टाळ्या वाजवायला जाते. आमच्याकडे बसवायची सोयच नाही. जाड, बारीक, भित्री, चष्मेवाली, सगळ्या खेळतात, कारण एक जरी बसली तरी संघ बुडाला. मला तरी हीच शाळा खेळाची वाटते. मुलीसमोर मात्र बोललो नाही.

मग मोबाइलवर वाचत बसलो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने आमच्यासारखीच अडचण पाहिली. खेड्यातल्या छोट्या हायस्कुलांना त्यांच्या फुटबॉलसाठी अकरा पोरं जमेनात. त्याने सहा जणांचा खेळच मांडला. मैदान लहान केलं, ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद. टेक्सासमधल्या लहान शाळा आजही तोच खेळतात. पोरं कमी म्हणून शाळा बाद करण्यापेक्षा त्याने खेळाचं माप बदललं.

आपल्याकडे माप बदलत नाही असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं. प्रियंका इंगळे मुलींची कर्णधार. माझ्या पोरींना तिचे व्हिडिओ पाठ आहेत. तिथला खेळ सात-सात जणांचा होता, वेगवान. म्हणजे टीव्हीसाठी नऊचे सात होतात, मग पटासाठी का होऊ नयेत? कबड्डीतही समुद्रकिनाऱ्यावरचा प्रकार चौघांचा आहे. आमच्याकडे समुद्र नाही, आणि कन्हानच्या वाळूला गिऱ्हाईक वेगळं आहे. पण चौघांना वाळूच कशाला हवी? तालुक्याच्या बैठकीत मांडून पाहणार. लोक हसतील, चहा येईल, विषय पुढच्या सालावर जाईल. तरी मांडणार.

उद्या ऑनलाइन नोंदणी इथूनच करायची, गावात रेंज पाण्याच्या टाकीजवळच येते. आधार, जन्मतारीख, फोटो, नऊ वेळा. राखीवचे रकाने कोरे.

पोरींनी डावही ठरवलाय. नाणेफेक जिंकली तर आधी आक्रमण घ्यायचं, दम शाबूत असताना. नंतर संरक्षणाला तीन-तीनच्या तुकड्या उतरतात, म्हणजे तिघी पळतील तेव्हा सहा जणींना बसून श्वास घेता येईल. बदली खेळाडू नसलेल्या संघाला एवढीच विश्रांती. हे मला सुचलं नव्हतं, दहावीतल्या कर्णधार पोरीने मुरमावर काडीने काढून दाखवलं. सर्वांत चपळ तिघींना शेवटच्या तुकडीत ठेवावं असं माझं मत होतं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘नाही सर, पयल्याच तुकडीत. आपल्या बाकीच्या लवकर आऊट होतात ना.’