यास आणि डॉक्टर
दिवसभर पाऊस, रंकाळ्यावर जायचं राहिलं म्हणून मैत्रिणीबरोबर घरातच डॉक्टर हू (काळातून फिरणाऱ्या डॉक्टरची सिरीयल) लावलं, 2018 चा तो पंजाबचा एपिसोड, डॉक्टरबरोबर फिरणारी यास्मिन खान, म्हणजे यास, तिच्या आजीच्या तरुणपणात जाते, 1947 ची फाळणी, त्या आजीचं, म्हणजे मुसलमान उंब्रीनचं, हिंदू प्रेमशी लग्न आणि प्रेमचा सख्खा भाऊच उलटतो. लई रडलो दोघी. 1963 ला चालू झालेल्या ब्रिटिश सिरीयलमध्ये आपल्याकडची माणसं अशी नात्यागोत्यासकट दिसली की भारी वाटतंय. पण यासचं डॉक्टरवरचं प्रेम शेवटी शेवटी कुठं बोलून दाखवलं, आणि तोवर निरोपच आला, टार्डिसच्या, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाच्या, छतावर आईस्क्रीम खाल्लं, झालं. तीन सीझन होती ओ ती! यासचं काम करणाऱ्या मँडिप गिलनं नुसत्या नजरेनं केवढं सांगितलंय, तिला अजून सीन द्यायलाच पाहिजे होते.