सतरा मीटरवरची पोकळी

सकाळचे साडेआठ वाजले असतील. ड्रिलिंग मशीनचा आवाज अचानक बदलला. इतका वेळ खडकाशी झुंजत असलेला रॉड दीड मीटर सरकन खाली गेला, दाबाच्या मीटरचा काटा पडला. ऑपरेटरने झटकन लिव्हर मागे ओढली. पाठोपाठ भोकातून वर येणारं पाणीही थांबलं. खोली सतरा मीटर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खाली जुनं खोदकाम होतं.

मी जर्मनीतल्या रूर भागात, बोखुम शहरात, जमिनीची तपासणी करणाऱ्या फर्ममध्ये इंजिनिअर आहे. परदेशी कंपनी इथे जागा घ्यायला येते तेव्हा कर, वीज, हायवे यांची चर्चा वर चालते. पायाखाली काय आहे ते आम्ही बघतो. शहराच्या दक्षिणेला, रूर नदीच्या बाजूला, कोळशाचे थर जमिनीच्या अगदी जवळ येतात. तिथे शेकडो वर्षं खणत आले, आणि खणलेलं सगळंच नकाशावर चढलेलं नाही. महायुद्धानंतरच्या टंचाईत तर लोकांनी घर ऊबदार ठेवायला चोरून कोळसा काढला. २००० च्या जानेवारीत बोखुमच्याच वाटेनशाइड भागात जुन्या खाणीपायी जमीन खचली आणि एक गॅरेज गाड्यांसकट आत गेलं. इथे ते कोणी विसरलेलं नाही.

त्या दिवशी अकरा वाजता एका परदेशी कंपनीची माणसं प्लॉट बघायला येणार होती. जागा विकणाऱ्यांच्या माणसाला मी फोन केला, तर तो म्हणाला, "तासभर मशीन बंद ठेवा, आम्ही त्यांना दुसऱ्या टोकाने फिरवतो." मी सरळ नाही म्हटलं. आवाज चढला होता माझा.

या गावाने कंपन्या येताना पाहिल्या आहेत, तशा जातानाही. कोळशाला उतरती कळा लागली तेव्हा, १९६२ मध्ये, बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर ओपलचा मोटारींचा कारखाना उभा राहिला. मालक अमेरिकेची जनरल मोटर्स. तोही २०१४ च्या डिसेंबरात बंद झाला. त्याआधी २००८ मध्ये नोकियाने इथला कारखाना बंद करून काम रोमानियात नेलं, दोन हजारांवर माणसांची नोकरी गेली. ओपलच्या जागेवर आता डीएचएलचं पार्सल सेंटर आहे, जुनी कचेरी तेवढी राखली आहे. आमचा ऑपरेटर ओपलमध्ये वीस वर्षं होता, त्याचे वडील खाणीत. नव्या कंपनीला इथे आणायचं तर पहिल्याच दिवशी तिच्यापासून काही लपवायचं नाही, असं मला मनापासून वाटतं. उद्या तिच्या मशीनखालची जमीन खचली तर जाणारी नोकरी पुन्हा इथल्याच माणसाची.

पाहुणे आले तेव्हा मी त्यांना थेट मशीनपाशी नेलं. त्यांच्यातली एक वयस्कर इंजिनिअर बाई चिखलात उकिडवी बसली. रॉड वर काढला तेव्हा त्याच्याबरोबर आलेला चुरा मी चाळणीत धरून ठेवला होता. काळी भुकटी आणि त्यात बोटभर लांबीचा कुजका लाकडी तुकडा. "हे काय?" तिने विचारलं. माझ्याआधी ऑपरेटरच बोलला, "छताला लावलेला टेकू. माणूस होता इथे."

तिने तो तुकडा तळहातावर घेतला, बराच वेळ. मग एकामागून एक प्रश्न. पोकळी किती लांब? भरायला काय लागेल? पैसे कोणाचे? मी सांगितलं, आधी तीन-तीन मीटरवर बोअर घेऊ, मग सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने सोडू. जीविताला धोका असेल आणि खाणीचा मालकच उरला नसेल तर आर्न्सबर्गचं सरकारी खाण खातं लक्ष घालतं. पण बांधकामासाठी भरायचं तर तो खर्च जागेच्या व्यवहारातच ठरवावा लागेल. तिने सगळं वहीत उतरवलं आणि म्हणाली, "आमच्या प्रेस मशीनचा पाया नेमका इथेच येणार आहे. आज कळलं ते बरं झालं." विकणाऱ्यांचा माणूस लांब उभा होता, शेवटी तोही जवळ आला.

व्यवहार लांबला, किमतीवरून ओढाताण झाली. भरण सुरू झालं तेव्हा थंडी संपत आली होती. अंदाजापेक्षा जास्त सिमेंट गेलं. नवव्या दिवशी दुपारी शेजारच्या बोअरमधून सिमेंटचा राखाडी गारा हळूहळू वर आला आणि काठावरून ओसंडला. ऑपरेटरने पंप बंद केला, हेल्मेट काढलं आणि भोकाकडे बघत हळूच म्हणाला, "ग्लुक आउफ." खाणकामगारांची ही शुभेच्छा. खाणीत उतरताना त्याचे वडील हेच म्हणायचे.