भेग फोटोतली, कागदावरची नव्हे

रात्रीचे ११. पाऊस थांबायचं नाव नाही.

काकींच्या देवघरातल्या महाराजांच्या फोटोकडे बघून बापू सगळ्यांसमोर "फोटो खोटा" म्हणाला आणि काकी समईची वात पुढे सारत राहिल्या. तो शब्द दुपारपासून डोक्यातून जात नाही.

दिसलं ते आधी लिहिते. फ्रेमच्या मागचे खिळे काढून पुठ्ठा सोडवला. वरचा डावा कोपरा काचेला चिकटलाय. आपल्याकडच्या पावसाळ्यात जिलेटिनचा थर ओल धरून मऊ होतो आणि वाळताना काच धरतो. ओढला तर थर सोलून चेहऱ्यापर्यंत येईल, म्हणून तो तसाच ठेवला. कडांना चांदीची झाक आहे. १० पटीच्या भिंगाखाली छपाईचे ठिपके नाहीत, म्हणजे छापील चित्र नाही, फोटोच आहे. मग अंधार करून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरला. पुठ्ठा मंद, पण फोटोचा कागद निळसर पांढरा उजळला. असं चमकणारं रसायन फोटोच्या कागदात १९५०च्या सुमारास येऊ लागलं. साबणाने धुतलेल्या फडक्याचे धागेही तसेच चमकतात, म्हणून धूळ झटकून मागून-पुढून तीनदा बघितलं. कागदच चमकतो.

महाराज त्याच्या कितीतरी आधी समाधिस्थ झाले. म्हणजे हा कागद त्यांच्या हयातीतला नाही. बापूचं म्हणणं इथे संपतं.

माझं संपत नाही. गुडघ्याजवळ भेग दिसते. टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड पाडला, तर पृष्ठभाग गुळगुळीत! भेग चित्रात आहे, थरावर नाही. प्रभावळीचंही तेच: कुंचल्याचे फटकारे दिसतात, रंगाचा उंचवटा नाही. म्हणजे कुणीतरी तडकलेला, रंगवलेला जुना फोटो समोर ठेवून त्याचा फोटो काढलाय. दाढीतले केस काळ्यात बुडालेत, तेही त्यामुळेच. फोटोवरून फोटो काढला की काळं आणखी गडद होतं.

खरं सांगितलं तरी काकींना लागणार, गप्प बसले तरी बापूचा शब्द उरणार. असली कामं माझ्याच वाट्याला का? चेहरा महाराजांचाच का, हे तर यातलं काहीच सांगत नाही. आणि काकींनी इतकी वर्षं...

असू दे. दुसऱ्याच्या देवघरातली वस्तू हातात घेतली की तिचं ओझंही घ्यावं लागतं.

कागदावर "नक्कल" लिहिलं होतं, ते खोडलं. "प्रत" लिहिलं. "खोटा" कुठेच लिहिणार नाही, कारण तसं काही सापडलेलंच नाही. चवथीआधी फ्रेम परत हवी म्हणाल्यात. काच आणि फोटो यांच्यात पट्टी घालून अंतर ठेवायला हवं, तो एक कोपरा सोडून.

उद्या त्यांना एवढंच विचारायचं: काकी, तो तडकलेला फोटो कुणाच्या घरी होता?