शॉर्ट कंट्रोलरमध्ये नव्हताच

टेक्सासमध्ये एकूण वजन ४,५०० पौंडांवर गेलं की महामार्गावरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. आमच्या वर्कशॉपमध्ये आलेला घोड्यांचा ट्रेलर ७,००० पौंडांचा होता. दोन ॲक्सल, चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. मालकाला पिकअपमध्ये फक्त ब्रेक कंट्रोलर, म्हणजे पेडल दाबल्यावर ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणारा डबा, बसवून हवा होता.

टो पॅकेजवाल्या, म्हणजे ट्रेलर ओढायची सोय कारखान्यातूनच असलेल्या गाडीत डॅशखाली तयार प्लग मिळतो. इथे तो नव्हता, म्हणजे चारही वायरी हातानं ओढणं आलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. पांढरी वायर रंग खरवडून पक्क्या अर्थला दिली. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून, २० अँपिअरच्या ब्रेकरमधून. तीन ॲक्सल असते तर ३० चा घेतला असता. ब्रेकरचा तांबूस स्टड बॅटरीकडे, चंदेरी कंट्रोलरकडे. लाल वायर ब्रेक स्विचच्या त्याच वायरीला, जिच्यावर पेडल दाबल्यावरच १२ व्होल्ट येतात. निळी, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला करंट नेणारी, मागच्या सात पिनांच्या सॉकेटला, १२ गेजची. काळी-पांढरीची अदलाबदल झाली तर कंट्रोलर जळालाच म्हणून समजा. आतला सेन्सर गाडीचा वेग कमी होताना लागणारा जोर मोजतो, त्यामुळे कंट्रोलर गाडीच्या दिशेला समांतरच बसवावा लागतो.

निळ्या वायरीवर नुसता मल्टिमीटर लावू नये. व्होल्टेज तुकड्या-तुकड्यांत येतं, आकडा फसवतो. २१ वॅटचा बल्ब लावून कंट्रोलरची लिव्हर हातानं सरकवली की बल्ब हळूहळू उजळत गेला पाहिजे. तो उजळला.

ट्रेलर जोडला. लिव्हर पूर्ण दाबल्यावर क्लॅम्प मीटरवर १२ अँपिअरच्या आसपास, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या प्रत्येक मॅग्नेटला ३, अगदी हवं तेवढंच. पण आवारातल्या उंचवट्यावरून गाडी नेली आणि कंट्रोलरच्या पडद्यावर शॉर्टचा, म्हणजे वायर कुठेतरी धातूला टेकल्याचा, इशारा आला. उभ्या गाडीत पुन्हा सगळं ठीक. अशा वेळी बरेच जण कंट्रोलरच बदलून टाकतात. नवा लावला तरी तोच इशारा येतो.

एकेका ॲक्सलला करंट देणारी वायर, म्हणजे फीड, सोडवली. मागची सोडल्यावर इशारा थांबला. चारही मॅग्नेट मोजले, प्रत्येकी ३.२ ओमच्या जवळ, म्हणजे धड. मग मागचे दोन्ही मॅग्नेट वेगळे करून डावीकडून उजवीकडे जाणारी वायर आणि ॲक्सल यांच्यात ओम मोजले. मीटर उघडं सर्किट दाखवत होता; वायर ओढून हलवली तसा आकडा कोसळला, म्हणजे वायर ॲक्सलला टेकत होती. ही वायर ॲक्सलच्या नळीतून नेलेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट नाही, कड धारदार, आणि खड्ड्यागणिक वायर तिथेच घासते. बाहेर काढल्यावर इन्सुलेशन अर्धा इंच सोललेलं, आतलं तांबं हिरवट पडलेलं.

जुनी वायर काढून टाकून नवी ॲक्सलच्या मागच्या बाजूनं, बाहेरून, स्लीव्हमध्ये घालून क्लिपांनी बांधली. सांधे क्रिंप करून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक ट्यूब. वायर चिमटून जोडणारे स्वस्तातले टॅप वापरूच नयेत. त्यांत पाणी शिरतं. पुढच्या ॲक्सलचीही नळीतली वायर त्याच हाताला बदलली.

ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच) पिन तपासताना ट्रेलरचा प्लग आधी काढावा, नाहीतर ट्रेलरवरच्या बॅटरीचे १२ व्होल्ट उलटे कंट्रोलरमध्ये शिरतात. मग कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांनी लिव्हर पूर्ण दाबून गेन, म्हणजे ब्रेकचा जास्तीत जास्त जोर, लावला: चाकं जोरात धरतील, पण लॉक होणार नाहीत, एवढा. हा गेन घोडे चढवलेल्या ट्रेलरचा. रिकाम्या ट्रेलरला तो तसाच ठेवला तर चाकं घसटतात, म्हणून मालकाला भरलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरचे दोन्ही आकडे डॅशवर चिकटवून दिले.